पावसाच्या ग्रिडला क्रमांक देताना: क्यूजीआयएसमध्ये क्रमांकित रास्टर बनवण्याची सविस्तर रीत

भारतीय हवामान विभागाने देशभरातल्या रोजच्या पावसाची आकडेवारी 0.25 अंशांच्या ग्रिडवर उपलब्ध करून दिली आहे, तीही 1901 पासूनची. शेती, पाणलोट, धरणे, पीकविमा अशा कुठल्याही विषयावर काम करणारा माणूस कधी ना कधी या फाइलींपाशी येतो. तिथे पहिला प्रश्न पडतो तो असा: माझा तालुका यातल्या नेमक्या कुठल्या सेलमध्ये, म्हणजे ग्रिडच्या कुठल्या चौकोनात, बसतो? उत्तर एकदाच काढून ठेवता आले, तर शंभरहून अधिक वर्षांचा पाऊस साध्या तक्त्यातून उचलता येतो. त्यासाठी लागते ते क्रमांकित रास्टर. रास्टर म्हणजे चौकोनी सेलांच्या ओळी-स्तंभांचा नकाशा, ज्यात प्रत्येक सेलला एक आकडा असतो. क्रमांकित रास्टरच्या सेलमध्ये मात्र पाऊस, उंची किंवा तापमान नसते. असतो फक्त त्या सेलचा स्वतःचा क्रमांक.

काम वाटते तितके अवघड नाही. मात्र 11100 असा एखादा सेल-क्रमांक एकटा काहीच सांगत नाही. मोजणी कुठल्या कोपऱ्यातून सुरू केली, आडवी केली की उभी, एका ओळीत किती सेल धरले आणि पहिल्या सेलला 0 म्हटले की 1, या चार गोष्टी ठरल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. एकाच ग्रिडला दोन माणसांनी दोन प्रकारे क्रमांक दिले आणि मग तक्ते जोडले, तर संगणक एकही चूक दाखवत नाही. पाऊस मात्र भलत्याच गावाला लागतो. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर थोडे गणित करून घ्या.

आधी कडा ठरवा

या ग्रिडमध्ये पूर्व-पश्चिम 135 आणि दक्षिण-उत्तर 129 बिंदू आहेत. रेखांश 66.5 ते 100 पूर्व, अक्षांश 6.5 ते 38.5 उत्तर. एकूण 17415 बिंदू. इथे 'बिंदू' हा शब्द नीट लक्षात घ्या. 66.5 आणि 38.5 हे सेलचे मध्य आहेत, कडा नव्हेत. रास्टरला मात्र कडा लागतात. त्यामुळे चारही बाजूंना अर्धा सेल, म्हणजे 0.125 अंश, बाहेर सरकावे लागते:

पश्चिम कड 66.375
पूर्व कड 100.125
दक्षिण कड 6.375
उत्तर कड 38.625

ताळा करून पाहा. 100.125 वजा 66.375 म्हणजे 33.75, भागिले 0.25 म्हणजे बरोबर 135. 38.625 वजा 6.375 म्हणजे 32.25, भागिले 0.25 म्हणजे 129. दोन्ही पूर्णांक आले, म्हणजे कडा बरोबर आहेत. पूर्णांक आला नाही तर तिथेच थांबा, पुढचे सगळे चुकणार आहे.

हा अर्धा सेल किती महत्त्वाचा आहे ते सह्याद्रीवर कळते. महाबळेश्वर साधारण 17.92 उत्तर, 73.66 पूर्व इथे आहे. योग्य कडा धरल्या तर ते 73.625 ते 73.875 या पट्ट्यात, म्हणजे 73.75 मध्य असलेल्या सेलमध्ये येते. पण कुणी 66.5 हीच पश्चिम कड धरली, तर सगळे जाळे 0.125 अंशांनी, म्हणजे सुमारे तेरा किलोमीटर, पूर्वेला सरकते आणि महाबळेश्वरला शेजारच्या पश्चिमेकडच्या सेलचा क्रमांक मिळतो. तो सेल कुणाचा? महाड-पोलादपूरचा. घाटमाथ्याच्या जागी कोकणातल्या पायथ्याचा पाऊस येतो. दोन्हीकडे पाऊस भरपूरच, त्यामुळे आकडे पाहून शंकासुद्धा येत नाही.

क्रमांकाची दिशा

रास्टर सॉफ्टवेअरची सर्वसाधारण रीत अशी: वरच्या डाव्या, म्हणजे वायव्य कोपऱ्यातून सुरुवात, मग डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खालची ओळ. आपण मराठी वाचतो तसेच. हीच रीत धरा आणि मोजणी 1 पासून करा. 0 मोकळा ठेवायचा, कारण 'इथे काहीच नाही' हे दाखवायला तो पुढे कामी येतो.

ओळ आणि स्तंभ 0 पासून मोजले तर सूत्र असे:

क्रमांक = ओळ × 135 + स्तंभ + 1

महाबळेश्वरसाठी हे करून पाहू. स्तंभ: 73.66 वजा 66.375 म्हणजे 7.285, भागिले 0.25 म्हणजे 29.14. दशांश टाकून 29. ओळ: 38.625 वजा 17.92 म्हणजे 20.705, भागिले 0.25 म्हणजे 82.82. दशांश टाकून 82. क्रमांक 82 × 135 + 29 + 1, म्हणजे 11100. त्याच्या पश्चिमेला महाड-पोलादपूरचा सेल 11099 आणि पूर्वेला वाईचा 11101. वाई शहर आपल्या सेलच्या पश्चिम कडेपासून जेमतेम दोन किलोमीटर आत आहे. पाचगणी मात्र महाबळेश्वरच्याच सेलमध्ये पडते. तिथला पाऊस महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी, पण या ग्रिडला तो फरक दिसत नाही. सेल उत्तर-दक्षिण सुमारे 27.7 किलोमीटर आणि या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे 26.5 किलोमीटर एवढा मोठा आहे, हे आकडे वापरताना कधी विसरू नका.

उलटा हिशोबही येत असला पाहिजे. 11100 मधून 1 वजा करा, 11099. त्याला 135 ने भागा: भागाकार 82, बाकी 29. मध्य रेखांश 66.5 + 29 × 0.25 = 73.75. मध्य अक्षांश 38.5 − 82 × 0.25 = 18. नकाशा न उघडता नुसत्या क्रमांकावरून जागा सापडते. क्रमांक पद्धतशीर दिल्याचा खरा फायदा हाच आहे.

आता यातली सर्वांत मोठी मेख. हवामान विभागाच्या बायनरी फाइलीत आकडे दक्षिणेकडून सुरू होतात. पहिला आकडा 6.5 उत्तर, 66.5 पूर्व इथला, दुसरा 6.5 उत्तर, 66.75 पूर्व इथला, आणि शेवटचा 38.5 उत्तर, 100 पूर्व इथला. आपले रास्टर वरून खाली मोजते, फाइल खालून वर. त्यामुळे फाइलीतला 11100 वा आकडा म्हणजे महाबळेश्वर नव्हे. दक्षिणेकडून मोजल्यावर त्याची ओळ 128 − 82 = 46, आणि त्या दिवसाच्या आकड्यांतले त्याचे स्थान 46 × 135 + 30 = 6240. सूत्र असे:

फाइलीतले स्थान = (128 − ओळ) × 135 + स्तंभ + 1

माझे मत विचाराल तर क्रमांक एकाच पद्धतीचा, वायव्येकडून मोजलेला ठेवावा आणि फाइलीतले स्थान तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावे. दोन प्रकारच्या क्रमांकांची दोन रास्टरे करून ठेवली, तर सहा महिन्यांनी कुठले कोणते हे कुणालाच आठवत नाही.

पहिली रीत: आधी व्हेक्टर ग्रिड, मग रास्टर

व्हेक्टर ग्रिड म्हणजे प्रत्येक सेल हा वेगळा काढलेला चौकोन. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नवशिक्याला हीच रीत सोयीची. प्रत्येक टप्प्यावर काय झाले ते डोळ्यांनी दिसते, आणि क्रमांक छापायला लागणारे चौकोन आपोआप हाताशी येतात.

प्रोसेसिंग टूलबॉक्स उघडा आणि शोधपट्टीत 'क्रिएट ग्रिड' हे टूल शोधा. ग्रिडचा प्रकार 'रेक्टँगल' निवडा. पॉइंट किंवा लाइन नको. एक्स्टेंट, म्हणजे ग्रिडच्या चार कडा, नकाशावरून माउसने ओढू नका. पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर या क्रमाने वरच्या चार कडा स्वतः टाइप करा. आडवे आणि उभे अंतर दोन्ही 0.25, ओव्हरले 0. कोऑर्डिनेट प्रणाली ईपीएसजी 4326, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश. आउटपुट जिओपॅकेजमध्ये घ्या, शेपफाइलमध्ये नको. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि देवनागरी नाव असेल तर तीन अक्षरांतच ती जागा संपते.

टूल चालल्यावर ॲट्रिब्यूट टेबल उघडा. वर 17415 हा आकडा दिसला पाहिजे. एक्स्टेंट 0.25 च्या पटीत नसेल तर हे टूल तक्रार करत नाही, ग्रिड थोडे पुढे वाढवून मोकळे होते. म्हणून हा आकडा पाहणे सक्तीचे समजा.

टेबलात 'आयडी' नावाचा रकाना तयार मिळेल आणि मोह होईल की झाले काम. पण क्यूजीआयएस हा आयडी स्तंभाप्रमाणे देते: पहिला स्तंभ वरून खाली, मग दुसरा स्तंभ. महाबळेश्वरच्या चौकोनाचा आयडी 29 × 129 + 82 + 1, म्हणजे 3824 येतो. तो रास्टरच्या रीतीशी जुळत नाही. त्यामुळे क्रमांक आपण स्वतः काढायचा.

टेबलात प्रत्येक चौकोनाच्या डाव्या, वरच्या, उजव्या आणि खालच्या कडेचे रकाने असतात. फील्ड कॅल्क्युलेटर उघडून पूर्णांक प्रकारचे तीन नवे रकाने करा. नावे रोमन अक्षरांत, छोटी ठेवा.

ओळ = (38.625 − वरची कड) ÷ 0.25
स्तंभ = (डावी कड − 66.375) ÷ 0.25
क्रमांक = ओळ × 135 + स्तंभ + 1

पहिल्या दोन्ही सूत्रांना 'राउंड' फंक्शनमध्ये गुंडाळा. 0.25 आणि 0.125 हे आकडे संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत बसतात, त्यामुळे इथे राउंड नसले तरी चालून जाईल. पण उद्या 0.1 अंशाचा ग्रिड केलात तर 81.9999999 असे काहीतरी निघते, दशांश उडतो आणि चौकोन एक ओळ वर सरकतो. सवय आत्तापासून लागलेली बरी. गावाचे स्थान काढताना आपण दशांश टाकला आणि इथे राउंड करतो आहोत, यात विसंगती नाही. गाव सेलमध्ये कुठेही असू शकते, चौकोनाची कड मात्र नेमकी रेषेवरच असते.

आता रास्टर. टूलबॉक्समध्ये जीडीएएलच्या गटात 'रास्टराइझ, व्हेक्टर टू रास्टर' हे टूल आहे. त्यात:

1. इनपुट म्हणून वरचा ग्रिड द्या आणि 'बर्न-इन' मूल्यासाठी, म्हणजे सेलमध्ये भरायच्या आकड्यासाठी, क्रमांकाचा रकाना निवडा.
2. आकाराचे एकक 'पिक्सेल', म्हणजे रास्टरचा सेल, ठेवा. रुंदी 135, उंची 129.
3. आउटपुट एक्स्टेंटमध्ये त्याच चार कडा पुन्हा टाका. हा रकाना रिकामा सोडू नका.
4. नोडेटा, म्हणजे 'इथे काहीच नाही' याचे, मूल्य 0.
5. आउटपुट डेटा टाइप 'इंट 32', म्हणजे 32 बिटांचा पूर्णांक.

हे टूल ज्या चौकोनात पिक्सेलचा मध्य पडतो, त्याचाच क्रमांक पिक्सेलला देते. आपले चौकोन आणि पिक्सेल एकमेकांवर तंतोतंत बसलेले असल्याने गोंधळाला जागा नसते. मात्र जीडीएएलचा 'ऑल टच्ड' हा पर्याय चालू करू नका. तो चालू केला की कडेला नुसते टेकलेले पिक्सेलही भरले जातात आणि शेजाऱ्याचे क्रमांक एकमेकांवर चढतात.

डेटा टाइपबद्दल थोडे जास्त

क्यूजीआयएस इथे आपणहून 'फ्लोट 32', म्हणजे दशांश आकड्यांचा प्रकार, सुचवते आणि बहुतेक लोक तेच राहू देतात. 17415 सेलसाठी काहीच बिघडत नाही. पण फ्लोट 32 मध्ये पूर्णांक तंतोतंत राहतात ते 16777216 पर्यंतच. त्यापुढे सलग क्रमांक वेगळे राहत नाहीत, शेजारचे दोन सेल एकच आकडा दाखवू लागतात. ही मर्यादा फार लांबची नाही. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ 307713 चौरस किलोमीटर. 100 मीटरचा सेल घेतला तर एका चौरस किलोमीटरमध्ये 100 सेल, म्हणजे राज्यात तीन कोटींहून अधिक. फ्लोट 32 केव्हाच मागे पडले. इंट 16 ची मजल 32767 पर्यंत, बिनचिन्ही इंट 16 ची 65535 पर्यंत. इंट 32 मात्र 2147483647 पर्यंत जाते, आणि राज्याचा 30 मीटरचा ग्रिडही त्यात सहज मावतो.

फाइल मोठी होईल अशी धास्ती असेल तर कॉम्प्रेशन 'डिफ्लेट' आणि 'प्रेडिक्टर' 2 ठेवा. प्रेडिक्टर 2 शेजारच्या सेलमधला फरक साठवतो. आपल्या रास्टरमध्ये हा फरक जवळजवळ सगळीकडे 1 असतो, त्यामुळे फाइल अतिशय लहान होते.

दुसरी रीत: थेट रास्टर

कोटी-दोन कोटी चौकोनांचा व्हेक्टर ग्रिड बनवणे म्हणजे संगणक अडकवून ठेवणे. अशा वेळी ग्रास या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमधले 'आर डॉट मॅपकॅल्क' वापरा. क्यूजीआयएसमध्ये ग्रास प्रोव्हायडर हे प्लगइन चालू केले की त्याचे 'सिंपल' रूप टूलबॉक्समध्येच मिळते. त्यात चालू ओळीचा आकडा देणारे 'रो', स्तंभाचा आकडा देणारे 'कॉल' आणि एकूण स्तंभ सांगणारे 'एनकॉल्स' अशी तयार फंक्शने आहेत. यांची मोजणी 1 पासून असते, म्हणून सूत्र किंचित बदलते: (रो − 1) × एनकॉल्स + कॉल. फंक्शनांची नावे अर्थात रोमन लिपीत, पुढे रिकामा कंस देऊन लिहायची. ग्रास 'रीजन'च्या, म्हणजे कामाच्या क्षेत्राच्या, बाबतीत अतिशय चोख आहे. एक्स्टेंट आणि सेलचा आकार तिथे नेमका दिलात की बाकीचे ते बघते. क्यूजीआयएसच्या साध्या रास्टर कॅल्क्युलेटरला ओळ-स्तंभ कळत नाहीत, त्यामुळे तिथे प्रयत्न करू नका.

मीटरमधला ग्रिड करणार असाल तर कडा सेलच्या आकाराच्या पटीतल्या गोल आकड्यांवर घ्या. आणि संपूर्ण महाराष्ट्रासाठी यूटीएम, म्हणजे सहा-सहा अंशांच्या झोनमध्ये मीटरने मोजणारे प्रोजेक्शन, वापरताना जपून: 78 रेखांशाच्या पश्चिमेचा भाग 43 व्या झोनमध्ये, पूर्वेचा विदर्भ 44 व्या झोनमध्ये येतो. सगळ्या राज्याला एकच क्रमांकमाला हवी तर प्रोजेक्शनही एकच हवे.

तिसरी रीत: स्प्रेडशीट

पावसाच्या ग्रिडएवढ्या लहान कामाला ही रीत मला फार आवडते, विशेषतः शिकवताना. ईएसआरआयचा ॲस्की ग्रिड म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. वर सहा ओळी: स्तंभ 135, ओळी 129, डाव्या-खालच्या कोपऱ्याचा एक्स 66.375, त्याच कोपऱ्याचा वाय 6.375, सेलचा आकार 0.25 आणि नोडेटा मूल्य. या ओळींची ठरलेली रोमन नावे असतात, ती जशीच्या तशी लागतात. त्याखाली स्प्रेडशीटमध्ये सूत्राने भरलेले 129 ओळी आणि 135 स्तंभांचे आकडे चिकटवायचे. गंमत अशी की कोपरा खालचा सांगायचा, पण आकडे वरच्या ओळीपासून लिहायचे. फाइलीत कोऑर्डिनेट प्रणाली नसते, ती क्यूजीआयएसमध्ये उघडताना द्या.

आर वापरणाऱ्यांसाठी टेरा पॅकेजमधले 'इनिट' फंक्शन एका ओळीत काम करते. 'सेल' हा पर्याय दिला की वायव्येकडून 1 पासूनचे क्रमांक मिळतात. पायथनमध्ये नमपाय वापरलात तर मोजणी 0 पासून, तिथे 1 मिळवायला विसरू नका. आर्कजीआयएसचे 'क्रिएट फिशनेट' डाव्या-खालच्या कोपऱ्यातून सुरू होते, तेव्हा तिथला तयार आयडीही तसाच उचलू नका.

तपासणी

आयडेंटिफाय टूल घेऊन चारही कोपऱ्यांवर क्लिक करा. वायव्येला 1, ईशान्येला 135, नैर्ऋत्येला 17281, आग्नेयेला 17415 आलेच पाहिजे. मग मधला एक ओळखीचा बिंदू घ्या, महाबळेश्वरवर 11100. शेवटी 'रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट' चालवा. 17415 वेगवेगळी मूल्ये, आणि प्रत्येकासमोर पिक्सेलसंख्या 1. एखाद्यासमोर 2 दिसले तर डेटा टाइप किंवा एक्स्टेंट चुकला आहे.

वापरताना

आधी क्रमांक, मग कापणी. हा क्रम उलटा करू नका. महाराष्ट्रापुरता तुकडा हवा असेल तर पूर्ण देशाचे क्रमांकित रास्टर घेऊन 72.375 ते 81.125 पूर्व आणि 15.375 ते 22.125 उत्तर एवढे कापा. या चारही कडा ग्रिडच्याच रेषांवर आहेत, त्यामुळे सेल चिरले जात नाहीत. 35 स्तंभ, 27 ओळी, 945 सेल. पहिला क्रमांक 8935, पहिल्या ओळीचा शेवट 8969, पुढची ओळ 9070 पासून आणि सर्वांत शेवटी 12479. मध्ये क्रमांक गळाल्यासारखे दिसतात ते तसेच राहू द्या. 1 ते 945 असे नवे क्रमांक दिलेत तर 135 चे सूत्र निकामी होते आणि मूळ फाइलीशी नाते तुटते.

प्रोजेक्शन बदलायची वेळ आली तर रीसॅम्पलिंगची, म्हणजे नव्या सेलांना आकडे देण्याची, पद्धत 'निअरेस्ट नेबर' आणि फक्त तीच. बायलिनिअर निवडले तर क्रमांकांची सरासरी होते. महाबळेश्वरच्या 11100 च्या खाली 11235 आहे. दोघांची सरासरी 11167.5. आता 11167 हा सेल कुठे आहे ते उलट्या हिशोबाने काढा: अक्षांश 18, रेखांश 90.5. बंगालच्या उपसागरात! पिरॅमिड, म्हणजे झटपट दाखवण्यासाठीच्या लहान प्रती, बांधतानाही हाच नियम, 'ॲव्हरेज' नको.

एखाद्या क्षेत्रातल्या सेलांचा हिशोब करणारे 'झोनल स्टॅटिस्टिक्स' लावून तालुक्याच्या क्रमांकांची सरासरी काढणेही त्याच कारणाने निरर्थक. गावांचे बिंदू असतील तर 'सॅम्पल रास्टर व्हॅल्यूज' वापरा, प्रत्येक गावापुढे क्रमांक येतो. तालुक्याचा पाऊस हवा असेल तर तालुक्यांची लेयर आणि व्हेक्टर ग्रिड यांचे 'इंटरसेक्शन' करा, प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ अंशांत न मोजता एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गोलाकारावर, मोजा, आणि त्या प्रमाणात प्रत्येक सेलला वजन द्या. तालुका, क्रमांक, वजन असा तीन रकान्यांचा तक्ता तयार झाला की पुढे नकाशाची गरजच उरत नाही. पाऊस जोडताना −999 हे मूल्य नोंद नसल्याची खूण आहे, ते आधी काढून टाका. नाहीतर किनाऱ्यालगतच्या तालुक्यांचा पाऊस उणे निघतो.

फाइलीच्या नावात किंवा मेटाडेटात एवढे लिहून ठेवा: ईपीएसजी 4326, वायव्य कोपरा 66.375 पूर्व 38.625 उत्तर, सेल 0.25, स्तंभ 135, ओळी 129, मोजणी ओळीने, सुरुवात 1.